सांबारावर सांबार

शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल संपलं आणि आमच्या भूगोलाच्या मॅडमनी फर्मान काढलं. निरोपाच्या दिवशी हारतुरे नकोत, "सन्माननीय व्यासपीठ" म्हणून सुरू होणारी भाषणं नकोत. प्रत्येकाने उभं राहून तीन वर्षांतली एकच आठवण सांगायची, आणि प्रत्येकाने घरचं एक माणूस सोबत आणायचं. आम्ही भूगोलाचे उणेपुरे नऊ जण. कॉलेजच एवढंसं. दोन मजली इमारत, पाठीमागे टिनाचा हॉल, पुढे एक कडुनिंब आणि त्याखाली बंद पडलेली पाण्याची टाकी. निरोपाला नऊ मुलं आणि नऊ घरची माणसं आली, तरी हॉल अर्धा रिकामाच राहणार होता.

"आणि खायला?" आमच्यातल्या एकाने विचारलं. त्याला तीन वर्षं बहुतेक हाच प्रश्न पडलेला असायचा.

"इडल्या मी करून आणते," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. बाकीच्यांना वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे.

मॅडम जाणार होत्या. त्या कोकणातल्या. आमच्याकडे तासिका तत्त्वावर होत्या आणि आता तिकडे, त्यांच्या घराजवळच्या कॉलेजात त्यांना कायमची जागा मिळाली होती. म्हणजे आमच्याबरोबर त्याही कॉलेज सोडणार होत्या. मला घरचं माणूस म्हणून आईलाच न्यायचं होतं. माझ्या आईची आणि मॅडमची तीन वर्षांची मैत्री होती आणि त्या दोघी एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या. आता भेटल्या नाहीत, तर कधीच भेटणार नव्हत्या.

आईने ऐकलं आणि वाफ्यातून मान वर न करता सांगितलं, "बाबाले ने."

"मॅडमनी तुला बोलावलं आहे."

"मी काय बोलू वं तिच्यासंग? ते शिकलेली बाई. मले नाई जमत."

आमचं गाव केळझरच्या पलीकडे. घरची भाजीची शेती. वांगी, पालक, मेथी, सांबार, ज्या दिवसात जे येईल ते. बाबा माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात जातात आणि आई वाफ्यात असते. तिला घरी गाठायचं म्हटलं तर आधी शेतात जावं लागतं. तिची भीड मला माहीत होती, तरी मला राग आला. जिच्यासाठी तीन वर्षं पहाटे उठून डबे भरले, तिच्यासमोर उभं राहायला काय झालं?

डब्याची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वर्षी मी घरी सहज बोलून गेले की नव्या मॅडम मधल्या सुट्टीत चहात बिस्किटं बुडवून खातात. आईचा हात थांबला. "एकटी राह्यते का?" मी म्हटलं, हो, सिंदी मेघेला खोली घेऊन राहतात. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरासोबत एक कडीचा स्टीलचा डबा आला. आत रोडगे आणि वांग्याची भाजी. मला लाज वाटली. स्टाफरूमच्या दाराशी मी तो डबा पाठीमागे धरून कितीतरी वेळ उभी होते. मॅडमनी भाजीचा वास घेतला आणि आधी एक मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "आईंना सांग, आज मी जेवले."

चार दिवसांनी डबा परत आला तो नारळाच्या वड्या घेऊन. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे कोकणातही पाळतात आणि आमच्याकडेही. आईने वड्या काढून घेतल्या, डबा धुतला आणि विचारात पडली. "आता हा रिकामा कसा पाठवू?" म्हणून गोळाभात गेला. तिकडून काळ्या वाटाण्याची उसळ आली. इकडून मेथीची भाजी आणि भाकरी गेली. दोघींनाही थांबता येईना, कारण थांबायचं तर कुणीतरी एकीने डबा रिकामा पाठवायला हवा होता आणि ते दोघींच्याही रक्तात नव्हतं. मधल्या मधे माझा हमाल झाला. पहिल्याच पावसाळ्यात बसमध्ये गर्दीत डबा माझ्या हातून पडला आणि झाकण वाकलं. तेव्हापासून आई त्याला फडकं बांधून देई, पण रस्सा मात्र कधी देत नसे.

पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या वाफ्यांत सांबार इतका माजला की कापून कापून हात दुखले. आई म्हणाली, "मॅडमले इचार, सांबार पाठवू का."

मी व्हरांड्यात मॅडमना गाठलं. "मॅडम, आई विचारते, सांबार पाठवू का?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, सांबार? घरचा?"

"घरचाच. आम्ही बाहेरचा आणत नाही."

"मग पाठवच. किती दिवसांत खाल्ला नाही. रविवारी येशील? माझ्याकडेच ये."

मला त्यांचं कौतुक वाटलं. इतक्या साध्या गोष्टीचं त्यांना किती अप्रूप. रविवारी बाबा बाजारात चालले होते, त्यांनी मला जाता जाता सिंदी मेघेला सोडलं. मॅडमची खोली वाफेने भरलेली होती. घरमालकिणीकडून इडलीपात्र मागून आणलं होतं, ताटात पांढऱ्याशुभ्र इडल्या मांडल्या होत्या, दोन वाट्या, दोन चमचे. मी मोठ्या मानाने पिशवीतून हिरवीगार जुडी काढून त्यांच्या ओट्यावर ठेवली. जुडी कसली, भाराच होता तो.

"वा," मॅडम म्हणाल्या. "आणि सांबार?"

"हा काय."

त्यांनी जुडी उचलून खाली बघितलं. पिशवीत बघितलं. मग माझ्याकडे. "ही कोथिंबीर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"हो ना. सांबार."

मला कोथिंबीर हा शब्द माहीत नव्हता अशातला भाग नाही. पुस्तकात वाचला होता. पण घरात, बाजारात, वाफ्यात तो सांबारच. त्याला दुसरं नाव लागतं हे मला सुचलंच नव्हतं. आणि बाईंनी डाळ-चिंचेच्या आशेने रात्रीपासून तांदूळ भिजत घातले होते. आधी त्या हसल्या, मग मी. मग आम्ही त्या भाऱ्यातला मूठभर सांबार वाटून चटणी केली आणि तिच्याशी इडल्या संपवल्या.

घरी येऊन सांगितलं तर बाबा पोट धरून हसले. आईही हसली, पण तिला ते लागलं. "बिचारी वाट पाहून राह्यली असन," ती म्हणाली, "अन् आपण पाला पाठवला." त्यानंतर कधीही विषय निघाला की ती म्हणे, "तिचा सांबार राह्यला माह्याकडं." पण वाकलेल्या झाकणातून रस्सा पाठवणार कसा? म्हणून तो राहतच गेला.

मॅडम मात्र त्या एका चुकीतून आमच्या झाल्या. दुसऱ्या वर्षी आम्ही आष्टीच्या आठवडी बाजाराचं सर्वेक्षण करायला गेलो. कोणता माल कुठून येतो, कोण विकतं, ते आम्ही कागदावर लिहून घेत होतो. मॅडमनी एका म्हातारीपुढे बसून विचारलं, "सांबार कसा दिला?" म्हातारीने भाव सांगितला आणि यांनी घासाघीसही केली. आम्ही पोट्टे मागे उभे राहून टाळ्या वाजवल्या. म्हातारीला वाटलं आम्ही तिची थट्टा करतो आहोत. तिने आम्हाला शिव्या दिल्या आणि मॅडमना वर दोन मिरच्या जास्त.

मला स्वतःला जी गोष्ट सगळ्यांत जास्त आठवते, ती मात्र मी निरोपाच्या दिवशी सांगितली नाही. ती इथे सांगते. दुसऱ्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, तिकडून डब्यात उसळ आली. आईने घास घेतला आणि थांबली. पुन्हा एक घास घेतला.

"हिच्या घरी काईतरी झालं," ती म्हणाली.

"मीठ जास्त पडलं असेल. कुणाचंही पडतं."

"तिचं नाई पडत. एवढ्या दिवसात कधी पडलं का? तिचं मन ठिकाण्यावर नाई. इचार तिले."

असं कसं विचारायचं? मॅडम, तुमची उसळ खारट झाली, घरी सगळं ठीक आहे ना? पण आईने सकाळी पुन्हा बजावलं. नकाशांच्या खोलीत त्या एकट्या होत्या तेव्हा मी चाचरत विचारलं. मॅडम भिंतीवरच्या नकाशाची दोरी गुंडाळत होत्या. ती तशीच सोडून स्टुलावर बसल्या. त्यांचे वडील दवाखान्यात होते. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर रडू येईल आणि मग शिकवता येणार नाही. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला नाही, आईला. उसळीतून.

त्या रडल्या. प्राध्यापक रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मी नकाशाची दोरी गुंडाळत बसले.

संध्याकाळी आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिले सांग, घरी जाय. पोट्टे कुठं पळून नाई चालले." दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ खिचडी होती, तिखटाशिवाय. मॅडम त्याच रात्रीच्या गाडीने गेल्या. वडील बरे झाले. परत आल्या तेव्हा डबाभर आमसुलं होती. आईने त्यातलं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि समाधानाने मान हलवली, जणू दवाखान्याचा कागदच वाचला.

म्हणून मला आईची भीड कळत नव्हती. मॅडम एकदा केळझरच्या गणपतीला आल्या होत्या, तेव्हा आमच्या घरी यायचं म्हणत होत्या, तर नेमकी त्या दिवशी आई मामाकडे निघून गेली. तिसऱ्या वर्षी तर कळसच झाला. एका रविवारी ती बाबांबरोबर वर्ध्याच्या बाजारात गेली होती. परत आल्यावर भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मी पाह्यलं तिले. बारीक हाय."

"कुणाला?"

"तुह्या मॅडमले. बाबानं दाखवली. सांबार घेऊन राह्यली होती पलीकडं."

"मग बोलली काऊन नाही?" रागाच्या भरात माझ्याही तोंडून काऊन आलं.

"हाताले चिखल होता," आई म्हणाली.

तर निरोपाच्या आदल्या दिवशी मी शेवटचं विचारलं. आई म्हणाली, "नाई मनलं ना एकदा." मी चिडून भांडी घासायला बसले. थोड्या वेळाने तिनेच विषय काढला. "खायाले काय हाय तिथं?"

"इडल्या. मॅडम करून आणणार आहेत."

"अन् इडलीसंग?"

"चटणी असेल."

आई उठली आणि तुरीच्या डाळीचा डबा काढला. शेजारच्या वहिनीच्या फोनवर तिने सांबार कसा करतात ते दोनदा बघितलं. "एवढं तं मले आधीच येत होतं," म्हणाली. चिंच भिजत घातली. शेवग्याच्या शेंगा झाडावरून काढून आणल्या. सकाळी मी उठले तर घरभर खमंग वास होता आणि कडीच्या डब्यात काठोकाठ सांबार. त्यावर आईने वाफ्यातला ताजा सांबार चिरून इतका घातला होता की खालचा दिसत नव्हता.

"सांबारावर सांबार," बाबा म्हणाले.

मी डब्याला हात लावला तर आईने माझा हात बाजूला केला. "बसमध्ये सांडन. झाकण पाय कसं हाय. तू जाय पुढं."

"मग हा कसा येणार?"

"बाबा बाजारात चाललेच हायेत. मी डबा मांडीवर धरून बसतो त्याईच्या गाडीत. गेटापाशी तुह्या हातात देतो. आत नाई येत. आधीच सांगून ठेवतो."

हॉलमध्ये आम्ही खुर्च्या गोल मांडल्या होत्या. घरची माणसं संकोचून बसली होती. कुणाचे आजोबा, कुणाचा मोठा भाऊ, कुणाची मावशी. आठवणी सुरू झाल्या. शेवटच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "मी दाराजवळ बसत होते, बस चुकू नये म्हणून. मॅडमचा तास शेवटचा असला की माझी बस रोज चुकायची." ज्याला सतत खाण्याचं पडलेलं असे, तो उठला. मॅडमनी पहिल्या वर्षी बाटलीत समुद्राचं पाणी आणलं होतं आणि आम्हा सगळ्यांच्या तळहातावर थेंब थेंब दिलं होतं. "आम्ही कोणीच समुद्र पाह्यला नाई," तो म्हणाला, "पण चाखला याच वर्गात." एवढं म्हणून तो खाली बसला. त्याच्या आजोबांनी पाठीवर हात ठेवला. मग मी सांबाराची गोष्ट सांगितली. सगळे हसत होते, मॅडम सगळ्यांत जास्त. आणि सांगता सांगता मला खिडकीतून फाटकाशी बाबांची गाडी दिसली.

मी बोलणं अर्धवट टाकून निघाले. पण मॅडमनीही बघितलं होतं. माझ्या आधी त्याच बाहेर पडल्या, चपला न घालता.

आई गाडीतून उतरून उभी होती. लग्नाकार्याची साडी नेसली होती, म्हणजे फाटकापर्यंतच यायचं हे तिने स्वतःलाही खोटंच सांगितलं होतं. दोन्ही हातांनी डबा धरला होता. मॅडम समोर जाऊन थांबल्या. तीन वर्षं एकमेकींच्या हातचं खाणाऱ्या त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या होत्या.

"सांबार आणला," शेवटी आई म्हणाली. "तुमचा राह्यला होता."

मॅडमनी फडकं सोडून झाकण काढलं. वर हिरवागार थर होता. त्यांनी बोटाने तो थोडा बाजूला केला, खालचा रस्सा बघितला आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने डबा माझ्याकडे दिला, हात पदराला पुसले आणि मॅडमच्या गालाला लावले. "किती बारीक झाली माय," ती म्हणाली. तुम्हीवरून तूवर ती कधी आली, ते तिलाही कळलं नसावं.

त्यानंतर आई आत आलीच. नुसती आली नाही, वाढायला उभी राहिली. पोट्ट्यांनी सांबार पुन्हा पुन्हा मागून घेतला. आजोबा तर वाटी तोंडाला लावून प्यायले. इडल्या संपल्या, सांबार संपला. मॅडमनी कुणाला हात लावू न देता डबा नळावर स्वतः घासला, ओढणीने पुसला आणि मग त्या थांबल्या.

आत घालायला काहीच नव्हतं. त्यांनी इडलीचं भांडं बघितलं, तळाशी ओला कपडा होता. पर्स उघडली, तीत पेन आणि किल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्या निघणार होत्या, खोलीतलं सामान बांधून झालं होतं. रिकामा डबा हातात घेऊन त्या हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. मला ते बघवेना. मी म्हणणार होते, मॅडम, राहू द्या, चालतं एखाद्या वेळी.

आई पुढे झाली. तिने डब्याला झाकण लावलं, वाकलेली बाजू अंगठ्याने दाबली, आणि डबा मॅडमच्या छातीशी ढकलला.

"राहू दे तुह्यापाशी," ती म्हणाली. "भरून आणजो."

आमच्याकडच्या 'जो'ची घाई नसते. आणजो, येजो, खाजो. जमेल तेव्हा, सवडीने, पण नक्की. मॅडमना तीन वर्षांत तेवढं समजायला लागलं होतं. त्यांनी मान हलवली आणि आमच्याच बोलीत म्हणाल्या, "आणतो."

परतताना मी, आई आणि बाबा गाडीत पुढे दाटीवाटीने बसलो होतो. मला वाटत होतं आता माझं कॉलेज संपलं, आता मला रडू येईल. तेवढ्यात माझं लक्ष आईकडे गेलं. तिच्या मांडीवर डबा नव्हता आणि हात कुठे ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. केळझर मागे पडलं. तेव्हा ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"आता तिच्या भाजीत मीठ जास्त झालं," ती म्हणाली, "तं कोनाले समजन वं?"